आजीचं बोट कुठे अडलं?

जून महिना. सीईटीचा निकाल हातात आला होता, कॅपचे, म्हणजे अभियांत्रिकी प्रवेशाचे, अर्ज तोंडावर होते, आणि कऱ्हाडहून एक कुटुंब सल्ल्यासाठी माझ्यासमोर बसलं होतं. वडील हायस्कूलमध्ये गणित शिकवतात, आई पतसंस्थेत रोखपाल आहेत. मुलीचं पर्सेंटाइल चांगलं, शिवाय इंटरमिजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड. वडिलांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर पसरला. शाखांच्या यादीत ‘कॉम्प्युटर सायन्स अँड डिझाइन’ या नावाखाली मुलीने पेन्सिलीने रेघ ओढली होती.

“मॅडम, यात कॉम्प्युटर किती आणि चित्रकला किती, तेवढं सांगा,” सर म्हणाले. “आणि ही म्हणते, मानसशास्त्रसुद्धा असतं. मला तर हे एक ना धड भाराभर चिंध्या वाटतंय.”

आईंनी एकच विचारलं, “पण नोकरी लागेल ना?”

गेली काही वर्षं हे दोन्ही प्रश्न मला वारंवार ऐकू येतात. ते विचारणाऱ्या पालकांना मी मागासलेलं समजत नाही. घरातली पुंजी, चार वर्षं आणि एकुलती एक मुलगी पणाला लावायची तर माणूस विचारणारच. म्हणून मी घाईने उत्तर दिलं नाही. आधी आईंनाच विचारलं, “तुमच्या खातेदारांपैकी कुणी मोबाइलवर पिन टाकून पैसे घालवलेत का?”

“एक नाही, पाच-सहा जण,” त्या म्हणाल्या. “आणि सगळे शिकलेले.”

यूपीआय २०१६ साली सुरू झालं. त्याचा नियम सरळ आहे: पिन लागतो तो पैसे पाठवताना, घेताना नाही. तरीही भामटे ‘पैसे मिळवण्यासाठी पिन टाका’ म्हणून मागणीची सूचना पाठवत राहिले आणि भलेभले फसत राहिले. यंत्रणेत तांत्रिक बिघाड काहीच नव्हता. ज्याने पिन टाकला त्याच्या खात्यातून पैसे गेले, म्हणजे यंत्रणा तिच्या नियमाप्रमाणे अचूक चालली. मग माणसं का फसली? माझं मत असं की, आपल्या हाताला पिनची सवय लागली ती एटीएमवर, आणि एटीएमवर पिन टाकला की पैसे बाहेर येतात. पंधरा-वीस वर्षं मनात मुरलेली ती गाठ एका नव्या पडद्याने उलटी फिरवली आणि कुणाला त्याची कल्पनाही दिली नाही. अखेर ऑक्टोबर २०२५पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवर अशी मागणी पाठवण्याची सोयच बंद करण्यात आली.

हा प्रश्न कुणी सोडवायचा? नुसत्या प्रोग्रामरला तो दिसत नाही, कारण त्याचा प्रोग्राम बरोबर चालतो. नुसत्या मानसशास्त्रज्ञाला सवयीचं कोडं उलगडतं, पण व्यवहार आत कसा चालतो हे ठाऊक नसतं. नुसता चित्रकार बटणाचा रंग बदलून थांबेल. तिन्ही गोष्टी एका डोक्यात, निदान एका टेबलाभोवती, एकत्र आल्या तरच काही जमतं. तिन्ही एकत्र शिकवणाऱ्या या विद्येला ह्यूमन-सेंटर्ड कंप्युटिंग म्हणतात. तिचं जुनं आणि जास्त रुळलेलं नाव ह्यूमन-कॉम्प्युटर इंटरॅक्शन, म्हणजे एचसीआय. मराठीत मानवकेंद्री संगणन म्हणता येईल. नावं अनेक असली तरी काम एकच: यंत्र माणसाच्या मनाला आणि हाताला जुळतं का ते पाहायचं, आणि जुळत नसेल तर यंत्र बदलायचं. माणसाला दोष द्यायचा नाही.

हे खूळ कालपरवाचं नाही, हेही पालकांना सांगायला हवं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ जातीची बॉम्बफेकी विमानं सुखरूप उतरायची आणि धावपट्टीवर असतानाच वैमानिक चाकं आत ओढून घ्यायचा. विमान पोटावर आपटायचं. वैमानिक बेफिकीर आहेत असं म्हणून प्रकरण मिटवता आलं असतं. पण अल्फोन्स चापानिस नावाच्या तरुण मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटमध्ये जाऊन पाहिलं, तर पंखाच्या झडपांचा खटका आणि चाकांचा खटका शेजारी-शेजारी आणि दिसायला सारखेच होते. थकलेला हात चुकणारच. त्याने एका खटक्याला चाकासारखा रबरी गोल बसवला आणि दुसऱ्याला पाचरीसारखा आकार दिला. न बघता, नुसत्या स्पर्शाने हाताला ओळख पटू लागली. चाकांच्या दांडीला चाकाचाच आकार देण्याची रीत विमानांत आजही पाळली जाते. माणूस सुधारायला निघालेली मंडळी यंत्र सुधारून परतली, आणि या विषयाचं मूळ तिथे आहे.

सर गणिताचे, म्हणून मी त्यांच्यासमोर कागदावर एक सूत्र लिहिलं. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडलेला नियम: बोट एखाद्या लक्ष्यापर्यंत पोहोचायला लागणारा वेळ हा अंतर आणि लक्ष्याची रुंदी यांच्या गुणोत्तराच्या लॉगॅरिदमवर अवलंबून असतो. बटण लांब आणि लहान असेल तर वेळ जास्त, जवळ आणि मोठं असेल तर कमी. मोबाइलवर नेहमी लागणारी बटणं अंगठ्याच्या टप्प्यात, खाली का ठेवतात, ते यातून कळतं. सरांनी कागद स्वतःकडे वळवून घेतला आणि म्हणाले, “म्हणजे यात लॉग आहे.” त्यांच्या आवाजातला ताण तिथे पहिल्यांदा उतरला.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर लांब जायला नको. पवईच्या आयआयटी मुंबईत १९६९ साली औद्योगिक आरेखनाचं केंद्र सुरू झालं. आज ते आयडीसी स्कूल ऑफ डिझाइन म्हणून ओळखलं जातं. आपण मत देतो त्या मतदान यंत्राचं बाह्य रूप घडवण्यात याच आयडीसीतल्या ए. जी. राव आणि रवी पूवैया या प्राध्यापकांचा हात होता. नावाशेजारी चिन्ह, चिन्हाच्या ओळीत निळं बटण, दाबल्यावर लाल दिवा आणि लांब शिट्टी. अक्षरओळख नसलेली बाईसुद्धा कुणाला न विचारता मत देऊ शकते आणि ते नोंदलं गेल्याचं तिला डोळ्यांनी नि कानांनी कळतं. २००४च्या लोकसभा निवडणुकीत देशातल्या सर्व मतदारसंघांत ही यंत्रं वापरली गेली. इतक्या कोटी माणसांच्या हातांखालून गेलेली दुसरी रचना मला तरी आठवत नाही.

आणि मला सर्वांत जवळचं वाटतं ते ‘स्वरचक्र’. मोबाइलवर देवनागरी लिहिणं हा काही वर्षांपूर्वी छळ होता. इंग्रजीच्या कीबोर्डवर सव्वीस अक्षरं मावतात. आपली व्यंजनं, स्वर, मात्रा, जोडाक्षरं मावायची कुठे? आयडीसीतच प्राध्यापक अनिरुद्ध जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली याचा विचार झाला. व्यंजनावर बोट ठेवलं की त्याच्याभोवती एक चक्र उमलतं. ‘क’ धरला की भोवती का, कि, की, कु, कू. हव्या त्या दिशेला बोट सरकवलं की अक्षर तयार. हे सुचण्यासाठी काय लागलं ते बघा. मराठी मुलाच्या डोक्यात बाराखडी आधीच रचून ठेवलेली आहे हे ओळखणं, हा मानसशास्त्राचा भाग. ती वर्तुळात मांडणं ही रचना. आणि ती बोटाच्या वेगाने चालवणं, तेही साध्या स्वस्त फोनवर, हा प्रोग्रामिंगचा भाग. मुलगी हे ऐकताना एकदम म्हणाली, “बाबा, आपण मराठी कीबोर्ड वापरतो ना, त्याचा विचार कुणीतरी नोकरी म्हणून करत असणार, हे मला कधी सुचलंच नव्हतं.”

आता चिंध्यांकडे येते, कारण सरांची भीती मी खोटी म्हणणार नाही. तिन्ही विषय वरवर चाटलेला पदवीधर खरोखर अडचणीत येतो. मुलाखतीत प्रोग्राम लिहायला सांगितला की म्हणतो, “मी डिझाइनचा आहे.” रेखाटन मागितलं की म्हणतो, “मी मूळचा इंजिनिअर.” अशी मुलं मी पाहिली आहेत आणि त्यांच्या आईवडिलांचे चेहरेही. म्हणून माझा सल्ला ठाम आहे: एका विषयाचं खोड करा, बाकीच्या दोन त्याच्या फांद्या. खोड कुठलं, ते मुलाच्या पिंडावर ठरवा. तर्कात आणि प्रोग्राममध्ये रमणाऱ्याने संगणकशास्त्राचं, हाताने करून पाहिल्याशिवाय चैन न पडणाऱ्याने डिझाइनचं, माणसं अशी का वागतात याचाच ध्यास असणाऱ्याने मानसशास्त्राचं. खोड पक्कं असलं की फांद्यांचं ओझं होत नाही.

संगणकशास्त्र खोड असेल तर बी.टेक. करावं. दिल्लीच्या ट्रिपल-आयटीमध्ये कॉम्प्युटर सायन्स अँड डिझाइन ही शाखा २०१७पासून आहे. तिथे डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदमसोबत रेखाटन, दृश्य संवाद, एचसीआय असं सगळं शिकवतात. प्रवेश जेईई मेनवरून मिळतो. हैदराबादच्या ट्रिपल-आयटीत संगणन आणि मानव्यविद्या एकत्र शिकवणारा, पुढे संशोधनाकडे नेणारा जोड-पदवी अभ्यासक्रम आहे. यापैकी काही मिळालं नाही तरी बिघडत नाही. साधं कॉम्प्युटर किंवा आयटी घ्यावं, ते मन लावून करावं आणि पदवीनंतर सीड ही परीक्षा देऊन आयडीसीच्या इंटरॅक्शन डिझाइनच्या दोन वर्षांच्या एम.डेस.ला जावं. हा रस्ता जुना आणि भरवशाचा आहे. त्यात एक मोठा फायदा असा की, अठराव्या वर्षी कायमचा निर्णय घ्यावा लागत नाही.

डिझाइन खोड असेल तर बी.डेस. त्यासाठी यूसीड ही परीक्षा जानेवारीत होते आणि आयआयटी मुंबईच ती घेते. मुंबई, गुवाहाटी, हैदराबाद, दिल्ली या आयआयटींत आणि जबलपूरच्या ट्रिपलआयटीडीएममध्ये तिच्यावर प्रवेश मिळतो. परीक्षेला कला, वाणिज्य, विज्ञान कोणत्याही शाखेचा विद्यार्थी बसू शकतो. मात्र काही संस्थांच्या विषयांच्या अटी निराळ्या असतात, म्हणून त्या वर्षीचं माहितीपत्रक ओळ न ओळ वाचा. एनआयडीची, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनची, प्रवेशपरीक्षा वेगळी. अहमदाबादची ती संस्था १९६१ची, आणि आज या क्षेत्रात नावाजलेले पुष्कळ जण तिथून आलेले आहेत. इंटरमिजिएटची ए ग्रेड असली म्हणजे यूसीड सोपी जाते असं समजू नका. तिथे फुलदाणीवरची छायाप्रकाशाची सफाई फारशी कामाला येत नाही. वस्तू अवकाशात फिरवून पाहता येते का, रोजच्या गोष्टी निरखता का, नवं काही सुचतं का, हे तपासलं जातं.

मानसशास्त्राचा रस्ता आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित आहे, याचं मला वाईट वाटतं. मानसशास्त्र घेतलेल्या मुलीला नातेवाईक लगेच विचारतात, “समुपदेशक होणार का?” पण लक्ष, स्मृती, निर्णय यांचा प्रयोगांतून अभ्यास करणारी एक मोठी शाखा आहे. आयआयटी गांधीनगर, आयआयटी कानपूर आणि अलाहाबाद विद्यापीठात कॉग्निटिव्ह सायन्सचं पुढचं शिक्षण मिळतं. या वाटेने जाणाऱ्याने दोन गोष्टी टाळता कामा नयेत: संख्याशास्त्र, आणि पायथनसारखी एक तरी संगणकभाषा. नव्या शैक्षणिक धोरणामुळे मुख्य विषयासोबत दुसऱ्या विद्याशाखेचा गौण विषय घेता येतो. ती सोय अशा मुलांनी जरूर वापरावी. संगणकाच्या मुलाने मानसशास्त्र घ्यावं, मानसशास्त्राच्या मुलीने संगणक. रिकामा तास भरायला म्हणून काहीतरी सोपं उचलू नये.

आता त्या पेन्सिलीच्या रेघेकडे. राज्यातल्या काही खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांतही कॉम्प्युटर सायन्स अँड डिझाइन ही शाखा दिसते. पाटी एकच असली तरी आतला माल एकसारखा नसतो. म्हणून अर्जात पसंतीक्रम भरण्याआधी एक दिवस काढून महाविद्यालयात जाऊन या. गेल्यावर तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाचा अभ्यासक्रम मागा. पहिल्या वर्षाचा सगळीकडे सारखाच असतो, त्यावरून काही कळत नाही. डिझाइन नावाचे विषय किती, आणि ते शिकवतं कोण? शिकवणाऱ्यांत डिझाइनची किंवा मानसशास्त्राची पदवी असलेला एक तरी माणूस आहे का, की कॉम्प्युटरच्याच प्राध्यापकांवर ते तास टाकले आहेत? स्टुडिओ आहे का? म्हणजे मोठी टेबलं, भिंतीवर लावलेली रेखाटनं, कापलेले पुठ्ठे, अर्धवट मॉडेल असा पसारा आहे का? तो फार स्वच्छ दिसला तर मला शंका येते. आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तिथल्या विद्यार्थ्यांना विचारा, कार्यालयात नको: “तुमचा प्रोजेक्ट तुम्ही कॉलेजबाहेरच्या किती माणसांना वापरायला देऊन पाहिलात?” उत्तर ‘एकालाही नाही’ असं आलं, तर तिथे साधं कॉम्प्युटर शिकवतात आणि पाटी वेगळी लावतात, असं खुशाल समजा. साध्या कॉम्प्युटरला माझा आक्षेप नाही, पण मग तेच, जास्त चांगल्या महाविद्यालयातून घ्या.

परदेशाविषयी थोडं. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात एचसीआयची स्वतंत्र संस्था १९९४पासून आहे. जॉर्जिया टेक, सिअॅटलचं वॉशिंग्टन विद्यापीठ, कॅलिफोर्नियातलं सॅन डिएगो ही आणखी जुनी-जाणती ठिकाणं. तिथे पदव्युत्तर शिक्षणाला जाणारी आपली मुलं पुष्कळ आहेत. पण कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी एक बारीक गोष्ट तपासा. सध्याच्या नियमानुसार शिक्षणानंतर तिथे कामाचा अनुभव घ्यायला १२ महिने मिळतात, आणि अभ्यासक्रम विज्ञान-तंत्रज्ञानाच्या सरकारी यादीत असेल तर आणखी २४. एचसीआयच्या नावाने नोंदलेले अभ्यासक्रम त्या यादीत बसतात, पण निव्वळ डिझाइनच्या नावाने नोंदलेले बरेच बसत नाहीत. प्रत्येक अभ्यासक्रमाला एक सांकेतिक क्रमांक असतो. तो विद्यापीठाला ईमेल करून विचारा. हे नियम बदलू शकतात, म्हणून घर गहाण ठेवून केवळ त्यांच्या भरवशावर जाऊ नका.

आईंच्या प्रश्नाचं उत्तर बाकी आहे. नोकऱ्या आहेत आणि त्या निरनिराळ्या नावांनी आहेत: यूएक्स रिसर्चर, इंटरॅक्शन डिझायनर, प्रॉडक्ट डिझायनर, फ्रंट-एंड इंजिनिअर, अॅक्सेसिबिलिटी तज्ज्ञ. बँका, दवाखान्यांची उपकरणं, वाहनांचे डॅशबोर्ड, सरकारी सेवा, सगळीकडे हे काम आहे. पुण्यात सॉफ्टवेअर आणि वाहन उद्योग दोन्ही असल्याने परगावी न जाताही संधी मिळतात. पण मी लपवणार नाही: सरसकट भरती होण्याचे दिवस संपले आहेत. सहा महिन्यांचा वर्ग करून, पाच-सहा सुबक पडदे रंगवून नोकरी लागायची, तो दरवाजा अरुंद झाला आहे. सुबक पडदे आता एआय मिनिटभरात काढून देतं. ज्यांचं कौशल्य तेवढंच होतं त्यांची पंचाईत झाली. पडद्यावर काय असावं, काय नसावं, आणि ते नेमकं कुणासाठी, हे ठरवणाऱ्याची गरज मात्र वाढली आहे, कारण आता आपल्याशी बोलणारी, आपल्यासाठी निर्णय घेणारी यंत्रं घरात शिरली आहेत. त्यांच्यावर माणसाने किती विश्वास ठेवावा आणि ती चुकली तर ते त्याला कसं कळावं, हे प्रश्न याच विषयाचे आहेत.

इथे गुणपत्रिकेपेक्षा पोर्टफोलिओ पाहतात, हेही पालकांना ठाऊक असावं. त्यात अंतिम चित्रांपेक्षा आधीचे फसलेले प्रयत्न, कुणाशी बोललात, काय चुकीचं गृहीत धरलं होतं, मग काय बदललं, हे मांडलेलं असतं. चार वर्षं वही ठेवणाऱ्या मुलाचा पोर्टफोलिओ आपोआप तयार होतो. आयडीसीने डी-सोर्स नावाने डिझाइनचं शिक्षणसाहित्य सर्वांसाठी खुलं ठेवलं आहे. खेड्यातल्या मुलालाही ते आज उघडून वाचता येईल. त्यासाठी क्लासची फी भरू नका.

शेवटी मी मुलीला एक काम दिलं. “घरी आजी आहे ना? तिच्या हातात मोबाइल दे आणि विजेचं बिल किती आलंय ते शोधायला सांग. तू शेजारी बस. तोंड उघडायचं नाही, हात घालायचा नाही, ‘अगं तिथे नाही, इथे दाब’ म्हणायचं नाही. कितीही वेळ लागो. आजीचं बोट कुठे अडलं, ती काय पुटपुटली, ते फक्त लिही.” हे फार अवघड असतं. निम्म्या मुलांचा दुसऱ्या मिनिटाला संयम सुटतो आणि ती फोन हिसकावून स्वतःच बिल काढून देतात. ती मुलं हुशारच असतात, पण त्यांना बहुधा दुसरं क्षेत्र मानवतं. काहींना मात्र त्या अडलेल्या बोटातच गंमत वाटू लागते.

आठ दिवसांनी बाप-लेक पुन्हा आले. वही सरांच्याच हातात होती. त्यांनी पान उघडून माझ्यासमोर धरलं. मुलीने वेळेसकट सगळं लिहिलं होतं. २२ मिनिटांत आजी ११ वेळा थांबली होती. सातव्या नोंदीवर सरांनी बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं: पडद्यावर ‘पुढे जा’ असं हिरवं गोल बटण आलं. आजीने दाबलं नाही. बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “कुणाचा फोन आलाय गं?”